करून बघू या, माडि नोडोण

दोन भाषांच्या घरात राहण्याचे जे लहानमोठे फायदे असतात, त्यांतला एक असा की एक भाषा दुसरीची सवय आपल्या लक्षात आणून देते. मराठीत आपण भाजी चाखून बघतो, चप्पल घालून बघतो, शेजाऱ्याला विचारून बघतो आणि कुणी फारच शंका काढू लागला तर त्याला म्हणतो, 'अरे, आधी करून तर बघ!' कन्नडमध्येही तेच. तिंदु नोडु, केळि नोडु, माडि नोडु. दोन भाषांची कुळे वेगळी, पण खटपट करण्याच्या क्रियेला दोघींनीही डोळे लावले आहेत. करायचे आणि मग काय झाले ते बघायचे. इंग्रजीत यासाठी 'ट्राय' असा स्वतंत्र शब्द आहे. त्यात प्रयत्न आहे, पण हे बघणे नाही.

मी भाषा शिकवणारी बाई, म्हणून या 'बघणे'वर माझा जीव. पण आजचा विषय भाषेचा नाही, संगणकाचा आहे. बंगळूर, पुणे, हैदराबादला कामाला असलेली आपली मुलेमुली हल्ली फोनवर एक शब्द सारखा वापरतात. आई विचारते, 'इतक्या रात्री काय करतोयस?' तिकडून उत्तर येते, 'प्रोटोटाइप चाललाय.' आई 'बरं बरं' म्हणते आणि जेवलास का, या जास्त महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळते. कन्नडमध्ये या शब्दाला मूलमादरी असा सुबक प्रतिशब्द आहे. मराठीत आदिरूप, मूळ नमुना वगैरे म्हणतात, पण मला 'कच्चा नमुना' हाच शब्द बरा वाटतो, कारण त्यातला कच्चेपणा हीच खरी महत्त्वाची गोष्ट आहे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. शिंपी कोट शिवताना आधी कच्चा टाका घालतो, अंगावर चढवून बघतो आणि मगच मशीन फिरवतो. नाटकवाले रंगीत तालीम करतात. आणि आपल्या बेळगावात तर घरटी एखादा तरी माणूस फाउंड्रीशी संबंधित असतो, त्याला हे सांगायलाच नको. उद्यमबागेत एखादा सुटा भाग ओतायचा तर आधी लाकडाचा पॅटर्न बनतो. तो मूळ भागापेक्षा किंचित मोठा ठेवतात, कारण लोखंड थंड होताना आकसते. त्यावरून वाळूचा साचा, साच्यातून पहिला सॅम्पल, तो गिऱ्हाइकाकडे जातो, मापे तपासली जातात आणि पसंती आली की मगच शेकड्यांनी ओतकाम. कारण सगळ्यांना ठाऊक असते की एकदा रस ओतला की चूक दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा भट्टी पेटवायची.

संगणकाच्या धंद्यात गंमत अशी की तिथे भट्टी दिसत नाही. सगळे पडद्यावर. 'मागाहून बदलू की, त्यात काय!' असे वाटते. मग सहा महिने बसून सगळे पक्के बांधायचे आणि शेवटी लोकांपुढे ठेवायचे. लोक ते उघडतात, गोंधळतात आणि बंद करतात. ही चूक टाळण्यासाठी जगातल्या हुशार माणसांनी काय काय उद्योग केले आहेत, ते वाचताना मला फार मौज वाटली. त्यातला सगळ्यात आवडलेला किस्सा लाकडाच्या तुकड्याचा आहे.

अमेरिकेत जेफ हॉकिन्स नावाचा एक इंजिनिअर. हातात धरायचे संगणक बनवायचे हे त्याचे वेड. १९८९ मध्ये त्याने ग्रिडपॅड नावाचे एक यंत्र केले. पेनने लिहिता येई, पण वजन सुमारे दोन किलो. पुढे १९९२ मध्ये त्याने पाम ही कंपनी काढली आणि १९९३ मध्ये इतर कंपन्यांच्या साथीने झूमर नावाचा हातसंगणक बाजारात आला. तो साफ पडला. संथ, महाग आणि नाही नाही त्या सोयींनी भरलेला. त्याच वर्षी ॲपलने न्यूटन आणला होता. त्याला माणसाचे हस्ताक्षर नीट वाचता येईना आणि वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांपर्यंत त्याची थट्टा गेली.

हे अपयश पाठीशी असताना हॉकिन्सने काय करावे? पुन्हा इंजिनिअर जमवून नवे यंत्र बांधायला घ्यावे, असे कुणालाही वाटेल. त्याने गॅरेजमध्ये जाऊन लाकडाचा एक ठोकळा कापला. शर्टाच्या खिशात मावेल एवढा. चिनी लोक जेवायला वापरतात त्या काडीचे टोक तासून तिचे पेन केले. कागदावर पडद्याची चित्रे छापून ती ठोकळ्यावर लावली आणि हा ठोकळा कित्येक महिने खिशात घेऊन हिंडला. मीटिंगमध्ये कुणी म्हणाले, 'बुधवारी मोकळे आहात का?' की हा खिशातून लाकूड काढणार, त्यावर काडी टेकवणार आणि बुधवारचे पान बघितल्याचे नाटक करणार. बटणे दोन बरी की चार, तारीख बघायला किती वेळा टोचावे लागते, खिशातून काढायला अडते का, एका हातात धरता येते का, हे सगळे तो त्या मुक्या लाकडाला विचारत होता.

आजूबाजूच्या लोकांना हा गृहस्थ जरा सटकला आहे असे वाटले असल्यास नवल नाही. पण बघा, त्याला जे प्रश्न पडले होते त्यांची उत्तरे मिळायला विजेची गरजच नव्हती. यंत्र चालेल का, हा प्रश्न वेगळा. माणूस ते दिवसातून दहा वेळा खिशातून बाहेर काढील का, हा प्रश्न वेगळा. झूमर पडला तो दुसऱ्या प्रश्नावर. १९९६ मध्ये पाम पायलट बाजारात आला तेव्हा त्याचे वजन साधारण १६० ग्रॅम होते आणि खाली चार बटणे होती: तारखा, पत्ते, करायची कामे आणि टिपणे. एवढेच. हातसंगणकांत खऱ्या अर्थाने घरोघर पोचलेला पहिला तोच. पुढे स्मार्टफोन आले आणि पायलट इतिहासजमा झाला. तो लाकडी ठोकळा मात्र कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियमच्या संग्रहात आहे.

दुसरी गोष्ट आपल्या छापखान्याच्या लोकांना जवळची वाटेल. एके काळी वर्तमानपत्रे खिळे जुळवून निघत आणि जुळारी नावाची एक कसबी जमात होती, हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. युरोपात ऐंशीच्या दशकात संगणक आले आणि तिथल्या छापखान्यातल्या कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला की आता आपले काय? तेव्हा स्वीडन-डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी उत्तर युरोपातल्या मुद्रण कामगारांच्या संघटनेबरोबर १९८१ ते १९८५ या काळात युटोपिया नावाचा एक प्रकल्प चालवला. यंत्र मालकाने आणायचे आणि कामगाराने सोसायचे, याऐवजी वर्तमानपत्राचे पान लावण्याचे यंत्र कसे असावे हे पान लावणाऱ्यांनीच ठरवायचे, अशी ती कल्पना.

सुरुवातीला संशोधकांनी आपल्या पद्धतीप्रमाणे लेखी वर्णने, आकृत्या, बाणांचे नकाशे पुढे ठेवले. कामगारांना त्यातून काही हाती लागेना. ही माणसे अडाणी नव्हती. त्यांचे ज्ञान बोटांत होते आणि कागदावरच्या बाणांना बोटे लागत नाहीत. मग पेले एन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्लायवूड, पुठ्ठे आणि कागद आणले. पुठ्ठ्याचा पडदा केला, त्यावर चित्रे दाखवली आणि एका रिकाम्या खोक्यावर लिहिले 'लेझर प्रिंटर'. तेव्हा टेबलावरचा लेझर प्रिंटर ही बाजारात सहज मिळणारी वस्तू नव्हती. कामगार त्या खोक्यांपुढे बसले आणि अंगवळणी पडलेले काम करून दाखवू लागले. इथे माझा हात असा जातो, मथळा बसला नाही तर मी मजकूर असा कापतो, हे चित्र इथून दिसायला हवे. जे महिनोन् महिने तोंडाने सांगता येत नव्हते ते हातांनी दाखवले. खोके बदलायला कात्री पुरत होती, म्हणून ते बदलायची कुणाला भीतीही वाटली नाही.

मला या प्रकल्पाचे मोल इथे वाटते. नमुना पुठ्ठ्याचा असला की बोलण्याचा हक्क सगळ्यांना मिळतो. प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्यालाच मत असते असे राहत नाही.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगते. आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांना प्रश्न पडला की बोललेले ऐकून टाइप करणारे यंत्र लोकांना चालेल का. असे यंत्र तेव्हा नव्हते, बनवायला कित्येक वर्षे लागणार होती. त्यांनी लोकांना पडद्यासमोर मायक्रोफोन देऊन बसवले आणि दुसऱ्या खोलीत एका टायपिस्टला बसवले. इकडे माणूस बोलतो, तिकडे ती व्यक्ती टाइप करते, इकडच्या पडद्यावर अक्षरे उमटतात. १९८३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हा किस्सा तिखटमीठ लावून सांगतात की लोकांचे घसे दुखले, ऑफिसात गोंगाट झाला, कुणालाच ते यंत्र नको झाले आणि कंपनीचे पैसे वाचले. मूळ निबंधाचा निष्कर्ष जवळजवळ उलटा आहे. अशा यंत्राचे काही प्रकार पहिल्याच वापरात हाताने लिहिण्याइतके किंवा मजकूर सांगून लिहून घेण्याइतके चांगले ठरले, असे त्यांना आढळले. आज आपल्या आज्या मोबाइलला मराठीत आणि कन्नडमध्ये बोलून निरोप लिहायला लावतात, ते बघता मूळ निष्कर्षच खरा म्हणायचा. व्याख्यानातला चटकदार किस्सा आणि मूळ कागद यांत इतके अंतर पडते, हे विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगते.

आता घरची गोष्ट. आमच्या कॉलेजात संगणकाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. दोन वर्षांपूर्वी चार मुलांचा एक गट दुधाच्या हिशेबाचे ॲप करायला निघाला. रोजचा रतीब, महिन्याचे बिल, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा. भाषेपुरती मदत मागायला ती माझ्याकडे आली होती. त्यांचा आराखडा तयार होता. रोज सकाळी दूध आले की गृहिणीने 'आले' असे बटण दाबायचे, किती लिटर ते भरायचे, महिनाअखेर बेरीज आपोआप. त्यांच्या संगणकाच्या बाई मोठ्या खमक्या. त्यांनी एक ओळ प्रोग्रॅम लिहू दिला नाही. आधी वहीच्या पानांवर पडदे काढा, कापा आणि गल्लीतल्या पाच घरी जाऊन या म्हणाल्या.

मुले पहिल्याच घरी अडली. बाईंनी कागदाचे बटण बघितले आणि विचारले, 'हे रोज दाबायचं? कशाला? दूध तर रोज येतंच.' मग त्यांनी स्वयंपाकघरातले भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. त्यावर दुधाची नोंद रोजची नव्हतीच. ज्या दिवशी खाडा झाला त्या तारखेवर फुली, आणि पाहुणे आले म्हणून जादा घेतले त्या तारखेपुढे 'अर्धा जादा'. बाकीचे चौकोन कोरे. दुसऱ्या घरी कन्नड बोलणाऱ्या आजी होत्या, त्यांच्या कॅलेंडरवरही हेच, फक्त अक्षरे वेगळी. पाचही घरांत एकच पद्धत निघाली. आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या वापरून घासूनपुसून घेतलेली हिशेबाची रीत ही, की नेहमीचे लिहायचेच नाही, अपवाद तेवढा लिहायचा.

मुलांचा सगळा आराखडा त्या दुपारी उलटा झाला. 'आले' हे बटण गेले. महिनाभर दूध आलेच असे धरून चालायचे आणि पडद्यावर दोनच गोष्टी ठेवायच्या, खाडा आणि जादा. खर्च किती? वहीची बारा पाने, एक कात्री आणि पाच घरचा चहा. हेच त्यांना सत्राच्या शेवटी कळले असते तर काय झाले असते? माझा अंदाज असा की काहीच झाले नसते. बटण तसेच राहिले असते, परीक्षकांनी गुण दिले असते आणि ते ॲप कुणीही वापरले नसते. इतक्या कष्टाने उभी केलेली वस्तू मोडायला मन धजत नाही.

कागद घेऊन लोकांकडे जाण्याची एक रीत आहे, तीही सांगण्याजोगी. एकाने संगणक व्हायचे. वापरणाऱ्याने कागदाच्या बटणावर बोट ठेवले की त्याने मुकाट्याने पुढचा कागद समोर सरकवायचा, बोलायचे नाही. दुसऱ्याने काम सांगायचे आणि तिसऱ्याने टिपून घ्यायचे. सगळ्यात अवघड जाते ते गप्प बसणे. समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट ठेवतो तेव्हा 'तिथे नाही हो, इथे' असे तोंडातून निघू पाहते. ते निघाले की प्रयोग संपला, कारण उद्या त्यांच्या स्वयंपाकघरात सांगायला तुम्ही असणार नाही.

आणि 'आवडले का?' हे कधी विचारायचे नाही. आपल्याकडे तर मुळीच नाही. दारी आलेल्या पोरांनी कष्टाने काढलेले कागद बघून कोण वाईट म्हणेल? पाहुण्याने चहा कसा झाला म्हणून विचारल्यावर जे उत्तर मिळते तेच इथे मिळते. त्यापेक्षा काम द्यायचे: 'काकू, काल दूध घेतलं नाही असं समजा. आता यात ते लिहा बघू.' मग बोट कुठे जाते, कुठे थांबते, कपाळाला आठी कधी पडते, तेवढे पाहायचे.

पाचच घरे का, असे कुणी विचारील. याकोब नीलसन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ मध्ये यावर गणित मांडले होते. एका माणसाच्या चाचणीत साधारण ३१ टक्के अडचणी दिसतात असे धरले तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पुढच्या माणसांकडून बहुतेक तेच तेच ऐकायला मिळते. म्हणून पंधरा जणांना एकदम विचारण्यापेक्षा पाच-पाच जणांना तीनदा विचारा आणि मधे नमुना सुधारा, असे नीलसन सांगतात. या आकड्यावर नंतर पुष्कळ वाद झाले आणि ते योग्यच होते, कारण सगळ्या वस्तूंना ३१ टक्के लागू पडत नाहीत. शिवाय वापरणाऱ्यांचे गट वेगवेगळे असतील तर प्रत्येक गटातले तीन-चार तरी घ्या, असे नीलसननीही म्हटले आहे. आपल्यासारख्या दुभाषी गावाला ही सूचना महत्त्वाची. मराठी वाचणारे, कन्नड वाचणारे, आणि कन्नड अस्खलित बोलणारे पण लिपी न येणारे, असे निदान तीन गट आपल्या एकेका गल्लीत सापडतात. तिसरा गट तर बंगळुरात बसून ॲप काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतो.

लिपीवरून आठवले. बहुतेक नमुने इंग्रजी मजकुरावर केले जातात आणि भाषांतर शेवटी चिकटवले जाते. इंग्रजी अक्षरे एका ओळीत शहाण्यासारखी उभी राहतात. आपल्या देवनागरीला वर अनुस्वार, मात्रा आणि रफार, खाली उकार. कन्नडला तर ओत्तक्षरे अक्षराच्या पायाशी लटकतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवले की वरचा रफार खालच्या ओळीचा की खालचे ओत्तक्षर वरच्या ओळीचे, असा घोळ होतो, नाहीतर अर्धे अक्षर छाटले जाते. इंग्रजीत 'सेव्ह' एवढ्याशा बटणात मावते, मराठीत 'जतन करा' लागते, कन्नड शब्द त्याहून लांब असू शकतो आणि बटणाबाहेर शेपूट काढतो. हे कागदावर खऱ्या मजकुराने पाच मिनिटांत कळते.

आणि नावे! अर्जात दोन चौकोन असतात, पहिले नाव आणि आडनाव. दक्षिण कर्नाटकात अनेकांना आडनाव नसते, नावाआधी गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर असते. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे आणि आडनाव अशी तीन पदरी नावे. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगचे, रेशनकार्डावर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. 'नाव जुळत नाही' या तीन शब्दांपायी किती हेलपाटे पडतात, हे सीमाभागातल्या कुटुंबांना मी काय सांगावे! ज्याने ते चौकोन आखले त्याने एकदा तरी कागद घेऊन आपल्याकडच्या एखाद्या आजींना भरायला बसवले असते, तर तिथल्या तिथे दिसले असते.

मोठमोठी सरकारेही यात सापडतात. अमेरिकेत आरोग्यविम्यासाठीचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाले. पहिल्या दिवशी देशभरातून सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा! कारणे अनेक होती. सगळे भाग जोडून पहिली संपूर्ण चाचणी झाली तीच सुरू होण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, असे ठेकेदारांनी तिथल्या संसदीय समितीपुढे सांगितले. पण एक कारण आपल्या विषयाशी लागून आहे. विम्याचे दर बघण्याआधी खाते उघडा, अशी अट ऐनवेळी आली आणि सगळी गर्दी त्या एकाच दारात तुंबली. शहापूरच्या पेठेत साडी दाखवण्याआधी दुकानदाराने आधारकार्ड मागितले तर आपण काय करू? गर्दीचा भार कागदी नमुन्यात कळला नसता, हे मान्य. पण गिऱ्हाईक दारातूनच परत फिरते, हे नक्की कळले असते.

नमुन्याने सगळेच साधते असे मात्र नाही. तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. याचे जवळचे उदाहरण बंगळूरच्या सिंप्युटरचे. सामान्य माणसाला परवडणारा, भारतीय भाषा बोलून दाखवणारा हातसंगणक बनवायचा म्हणून तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एका कंपनीचे इंजिनिअर एकत्र आले आणि २००१ मध्ये त्याचा चालता नमुना जगापुढे ठेवला. कौतुक खूप झाले. असे यंत्र आपल्याकडे बनते का, याचे उत्तर 'हो' मिळाले. पण सामान्य माणूस ते विकत घेईल का, दुरुस्तीला कुठे नेईल, या प्रश्नांची उत्तरे त्या नमुन्यात नव्हती. २००४ मध्ये ते विक्रीला आले आणि अपेक्षेच्या मानाने फारच थोडे खपले. तोवर स्वस्त मोबाइल फोनांनी जग बदलायला घेतले होते.

दुसरा धोका नटव्या नमुन्याचा. आता तर संगणकाला दोन वाक्यांत सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत गुळगुळीत, रंगीत पडदे काढून देते. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण गुळगुळीत वस्तू बघून लोक रंगावर बोलतात, मुळावर बोलत नाहीत. साहेबांना वाटते काम झालेच, आता पुढच्या आठवड्यात बाजारात आणा. वहीच्या पानावर वेडेवाकडे काढलेले बटण बघून कुठल्याही काकूंना 'हे इथे कशाला?' असे विचारायला संकोच वाटत नाही.

आणि नमुना टाकून द्यायची तयारी हवी. ॲपलमध्ये २००५ साली आयफोनवर गुप्तपणे काम चालू होते, तेव्हा काचेवरचा कळफलक काही केल्या जमेना. अंगठा जाड, अक्षरे बारीक. शेवटी इतर कामे थांबवून त्या गटातल्या सगळ्यांना कळफलक करायला बसवले आणि प्रत्येकाचा नमुना मॅक संगणकाला केबलने जोडलेल्या यंत्रावर तपासला. केन कोसिएंडा याचा नमुना जिंकला. त्यात एकेका मोठ्या बटणावर दोन-तीन अक्षरे होती आणि कोणते हवे ते शब्दकोशाच्या मदतीने संगणक ओळखी. हा जिंकलेला नमुनाही पुढे टिकला नाही. एका बटणावर एकच अक्षर ठेवायचे आणि चुकलेले बोट पाठीमागे शब्दकोशाने सावरून घ्यायचे, असे ठरले. तोच कळफलक २००७ मध्ये बाजारात आला. जिंकलेल्या नमुन्यातली बटणांची मांडणी गेली, शब्दकोशाची कल्पना राहिली. कोसिएंडाने २०१८ च्या आपल्या पुस्तकात हे सगळे मोकळेपणाने लिहिले आहे.

मला चिंता वाटते ती वेगळीच. आपल्या शाळांतून कच्चेपणाची लाज शिकवली जाते. वही सुवाच्य हवी, खाडाखोड नको, कच्चे काम शेवटच्या पानावर आणि तेही मागाहून रेघ मारून खोडायचे. याच सवयीची मुले पदवीच्या शेवटच्या वर्षाला येतात आणि अर्धवट काही दाखवायला घाबरतात. मग शहरोशहरी तयार प्रकल्प विकणारी दुकाने निघतात. पैसे टाका, बांधीव अहवाल घ्या, सोन्याच्या अक्षरात नाव छापून मिळेल. आईवडीलही ते पुस्तक बघून खूश होतात. त्यात खोडलेले काहीच नसते, म्हणून मला त्या अहवालांची भीती वाटते. दूधवाल्या गटाचे कागद याच्या बरोबर उलट होते. पेन्सिलीने खोडलेले, एका कोपऱ्यावर चहाचा डाग, आणि त्यावर त्या कन्नड आजींनी स्वतःच्या हाताने काढून दाखवलेली खाड्याची फुली. त्या मुलांतली एक मुलगी आज बंगळुरात याच कामावर आहे आणि फोनवर तिच्या आईला म्हणत असते, 'प्रोटोटाइप चाललाय.'

यंदाची मुले वाचनालयाच्या पुस्तकांसाठी काहीतरी करत आहेत, पुन्हा दोन्ही भाषांत. पुढच्या महिन्यात ती कागद घेऊन वडगाव, शहापूरच्या गल्ल्यांतून फिरतील. आपल्या दारी आली तर दहा मिनिटे द्या. चहा दिलात तर पितील. फक्त 'छान आहे' म्हणून परत पाठवू नका. जिथे अडेल तिथे 'इल्लि गोत्तागलिल्ल', इथे कळलं नाही, असे सरळ सांगा. ती वाईट वाटून घेणार नाहीत, लिहून घेतील.